परीक्षा डोक्यात, फोड तोंडात

बासरला गोदावरीच्या काठी ज्ञानसरस्वतीचं देऊळ आहे. धर्माबाद, बिलोली, देगलूर, नांदेड या पट्ट्यातली कितीतरी घरं मुलाला शाळेत घालण्याआधी इथे आणतात आणि त्याचा हात धरून पहिलं अक्षर गिरवून घेतात. वसंत पंचमीला तर देवळात पाय ठेवायला जागा नसते. पूर्वी आदिलाबाद आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात असलेल्या या गावात २००८ साली राजीव गांधी विद्यापीठही आलं. दहावी झालेली, बहुतेक खेड्यापाड्यांतली मुलं-मुली सहा वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी तिथल्या वसतिगृहात राहतात. अक्षराची सुरुवात आणि परीक्षांची धास्ती, दोन्ही एकाच गावात.

अशा कुठल्याही वसतिगृहात परीक्षेच्या आठवड्यात डोकावलं तर एक चित्र हमखास दिसतं. कोणाचं तोंड आलेलं असतं, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. कोणाचं नाक वाहतं. कोणाच्या ओठाच्या कडेला पाणी भरलेल्या बारीक फोडांचा घोस. ज्याला लहानपणी दमा होता, त्याचा पंप पुन्हा बाहेर निघतो. घरी फोन केला तर आजी सांगते, जागरणानं उष्णता झाली. वॉर्डनला वाटतं, बहाणे आहेत.

डॉक्टर बहुधा म्हणतात, 'ताण आला की प्रतिकारशक्ती कमी होते.' हे उत्तर पटतं, पण पुरत नाही. सर्दी झाली ती प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे, ठीक आहे. पण दमा, सोरायसिस, आमवात हे प्रतिकारशक्तीने नको तिथे, नको तेवढा जोर केल्याचे आजार आहेत, आणि ताणात तेही बळावतात. एकच ताण एकीकडे शिपाई झोपवतो आणि दुसरीकडे त्यांना घरच्यांवरच सोडतो, हे कसं? मेंदूची रसायनं पांढऱ्या पेशींशी बोलतात कशी, हे कळलं की या गाठीचा बराच भाग सुटतो.

टाळूवरची बारीकशी जखम

१९९८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात फिलिप मारुचा, जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण धीट प्रयोग केला. दंतवैद्यकाचे ११ विद्यार्थी राजी झाले. त्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची नेमकी गोल जखम करायची आणि ती भरेपर्यंत मोजमाप ठेवायचं. प्रत्येकाला अशा दोन जखमा झाल्या, एक उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दुसरी मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी, टाळूच्या दुसऱ्या बाजूला. माणूस तोच, तोंड तेच, जखम तेवढीच. बदलला होता फक्त काळ.

परीक्षेतली जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे सुमारे ४० टक्के अधिक वेळ. ११ पैकी एकाचीही जखम परीक्षेच्या काळात सुट्टीइतक्या लवकर भरली नाही.

संशोधकांनी त्यांच्या रक्ताच्या पेशीही तपासल्या. जखम झाली की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१ नावाचं रसायन सोडतात. 'इकडे या, काम आहे' अशी ती हाक असते. परीक्षेच्या काळात ही हाक तयार करण्याची पेशींची तयारी ६८ टक्क्यांनी घटलेली आढळली.

इथे दाह म्हणजे काय ते पाहू. लाली, ऊब, सूज आणि ठणका अशी त्याची चार लक्षणं. आपण त्याला आजार समजतो, पण मुळात ती दुरुस्ती आहे. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती किंचित सैल होतात, पाझरलेल्या द्रवाबरोबर पांढऱ्या पेशी जखमेत उतरतात, घाण खातात आणि नव्या पेशींना जागा करून देतात. परीक्षार्थींची जखम रेंगाळली ती दाह जास्त झाल्यामुळे नव्हे, वेळेवर पुरेसा न झाल्यामुळे. बाजारात 'दाह घटवणारं' म्हणून जे सरसकट विकलं जातं, त्याच्याकडे म्हणूनच जरा संशयानं पाहिलेलं बरं.

(जाता जाता: साधं तोंड येणं एक-दोन आठवड्यांत आपोआप बरं होतं. तीन आठवड्यांत न भरलेला व्रण ताणाच्या खात्यात टाकू नये. तंबाखू-गुटख्याची सवय असेल तर मुळीच नाही. तो डॉक्टरला दाखवावा.)

सर्दीचा पुरावा याच्याही आधीचा. १९९१ मध्ये शेल्डन कोहेन यांनी इंग्लंडमधल्या सॅलिसबरी इथे ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब टाकले आणि त्यांना वेगळं ठेवलं. त्याआधी प्रत्येकाच्या आयुष्यातल्या ताणाची नोंद घेतली होती. सर्वांत कमी ताण असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांना सर्दी झाली, सर्वांत जास्त ताण असलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांना. विषाणू सगळ्यांना मिळाला होता. म्हणजे 'परीक्षेत गर्दीत बसतात म्हणून सर्दी होते' हे स्पष्टीकरण इथे चालत नाही.

दवंडी आणि चिठ्ठी

१९७०च्या दशकापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांना वाटत होतं की प्रतिकारयंत्रणा स्वतःच्या मर्जीने चालते आणि मेंदूचा तिच्याशी संबंध नाही. पांढऱ्या पेशी नळीत काढून ठेवल्या तरी जंतू ओळखतात, मग त्यांना मेंदू कशाला हवा? १९७५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या रॉबर्ट एडर यांनी उंदरांना सॅकरीनचं गोड पाणी पाजलं आणि त्याबरोबर सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध टोचलं. त्यांना खरं तर चवीचा तिटकारा कसा शिकला जातो, एवढंच पाहायचं होतं. नंतर औषध बंद झालं, फक्त गोड पाणी चालू राहिलं, तरी काही उंदीर मरू लागले. प्रतिकारशास्त्रज्ञ निकोलस कोहेन यांना सोबत घेऊन एडर यांनी दाखवलं की आता नुसत्या गोड चवीनेही त्यांची प्रतिकारशक्ती दबते आहे. चव मेंदूला कळते. मग मेंदूकडून पांढऱ्या पेशींपर्यंत काहीतरी पोचत असलंच पाहिजे.

ते दोन वाटांनी पोचतं. जुन्या गावात बातमी सांगण्याच्या दोन रीती होत्या. एक दवंडी: गावभर फिरते, ज्याच्या कानावर पडेल त्याने ऐकावी. दुसरी चिठ्ठी: एका माणसाच्या हाती, एका घरी.

दवंडी म्हणजे रक्तातून फिरणारी संप्रेरकं. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला खूण करतो, पिट्यूटरी मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. त्याच ग्रंथींच्या गाभ्यातून, पण नसांच्या हुकमाने आणि काही सेकंदांत, अ‍ॅड्रिनालिन सुटतं. दोन्ही रक्ताबरोबर शरीरभर जातात.

चिठ्ठी म्हणजे नसांची टोकं. नस ज्या पेशीजवळ संपते, तिच्याच शेजारी ती आपलं रसायन टाकते. या रसायनांना न्यूरोट्रान्समीटर म्हणतात: नॉरअ‍ॅड्रिनालिन, अ‍ॅसिटिलकोलिन, डोपामिन, सिरोटोनिन. एक नस दुसऱ्या नसेशी किंवा स्नायूशी यांच्या मार्फत बोलते, हे १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर सिद्ध केलं होतं. पण १९८०च्या दशकात डेव्हिड फेल्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाणथरीचा, म्हणजे प्लीहेचा, काप पाहिला तेव्हा त्यांना नसांची टोकं पांढऱ्या पेशींना अगदी चिकटून गेलेली दिसली. या टोकांना तिथे दुसरं काय काम असणार? चिठ्ठी पांढऱ्या पेशींच्याच नावाची होती.

ऐकायला कानही हवेत. बहुधा पेशीच्या आवरणात रुतलेले विशिष्ट आकाराचे प्रथिनांचे रेणू, म्हणजे रिसेप्टर, हे तिचे कान. ज्या रसायनाचा आकार बसेल तेच ऐकू येतं. पांढऱ्या पेशींवर नॉरअ‍ॅड्रिनालिनचे, अ‍ॅसिटिलकोलिनचे, डोपामिनचे, सिरोटोनिनचे असे सगळ्यांचेच कान सापडले आहेत. सारी गंमत पुढे आहे: एकाच रसायनाला ऐकणारे कान अनेक जातींचे असतात, आणि कोणता कान आहे यावर पेशी काय करणार ते ठरतं.

┌──────────────────────
चौकट: निरोप कोणाचा, ऐकतं कोण

नॉरअ‍ॅड्रिनालिन, अ‍ॅड्रिनालिन: 'पळा किंवा लढा'वाल्या नसा आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडून. पांढऱ्या पेशी मुख्यतः बीटा-२ जातीच्या रिसेप्टरने ऐकतात. पेशी जागा सोडून रक्तात येतात. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचं, म्हणजे भक्षक पेशींचं, दाहकारी रसायन बहुधा घटतं.

अ‍ॅसिटिलकोलिन: नसांकडून, आणि नवल म्हणजे काही पांढऱ्या पेशींकडूनही. भक्षक पेशींना आवरतं.

सब्स्टन्स पी, सीजीआरपी: वेदनेच्या नसांच्या टोकांकडून. रक्तवाहिन्या सैल करून लाली-सूज आणतात. सीजीआरपी काही पांढऱ्या पेशींना मात्र रोखतं.

डोपामिन: टी-पेशींवर (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) याचे रिसेप्टर आहेत. कोलकात्यातल्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले पार्थसारथी दासगुप्ता आणि त्यांचे सहकारी सुजित बसू यांनी यावर दीर्घकाळ काम केलं.

सिरोटोनिन: शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सिरोटोनिन आतड्यात तयार होतं, मेंदूत नव्हे. रक्तातल्या बिंबिका ते सोबत बाळगतात.

कॉर्टिसॉल: न्यूरोट्रान्समीटर नव्हे, संप्रेरक, पण मेंदूच्या हुकमाने सुटतं. दाह दाबतं. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या याच जातीच्या.
└──────────────────────

हातावरचा ओरखडा

नसा अशा चिठ्ठ्या टाकतात हे पटत नसेल तर स्वतःच्या हातावर पाहा. दंडाच्या आतल्या बाजूला पेनाच्या बोथट टोकाने जरा दाबून रेघ ओढा. काही सेकंदांत रेघ लाल होईल. जरा जोरात ओढली असेल तर मिनिटभरात रेघेच्या दोन्ही बाजूंना, पेन न लागलेल्या कातडीवरही, लाली पसरेल. पेन न लागलेल्या जागी लाली आणली कोणी? नसेने. वेदनेच्या नसेला झाडासारख्या फांद्या असतात. एका फांदीतून वर निघालेला संदेश पाठीच्या कण्याकडे जातोच, पण जाता जाता शेजारच्या फांदीतून परत कातडीकडेही उतरतो. तिथे सब्स्टन्स पी आणि सीजीआरपी सुटतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, मास्ट पेशी हिस्टॅमिन सोडतात.

याचा पक्का पुरावा कुष्ठरोगाने दिला. वर्ध्याजवळचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन यांमुळे हा आजार महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. कुष्ठरोगाचा जंतू कातडीतल्या नसा मारतो. चट्टा खरंच कुष्ठाचा आहे का, हे पाहण्याची एक जुनी तपासणी अशी होती: चट्ट्यावर आणि निरोगी कातडीवर हिस्टॅमिनचा एकेक थेंब ठेवून सुईने हलकं टोचायचं. निरोगी जागी गांधी उठते आणि भोवती लालीचं कडं पसरतं. नसा मेलेल्या चट्ट्यावर गांधी उठते, लालीचं कडं मात्र उमटत नाही. रक्तवाहिन्या तिथे आहेत, रक्त आहे, हिस्टॅमिन आहे. चिठ्ठी घेऊन जाणाराच नाही.

म्हणजे वेदनेची नस दाह वाढवते, असं समजून थांबावं तर २०१३ मध्ये बोस्टनमधून उलटी बातमी आली. आयझॅक चिऊ आणि क्लिफर्ड वूल्फ यांच्या गटाने दाखवलं की गळू करणारे स्टॅफिलोकॉकस जंतू वेदनेच्या नसांना थेट डिवचतात, पांढऱ्या पेशींची वाट न पाहता. आणि ज्या उंदरांमध्ये या नसा काढून टाकल्या होत्या, त्यांच्यात जंतू शिरल्यावर सूज आणि अवधाण उलट जास्त मोठं आलं. शाबूत नसांची टोकं सीजीआरपी सोडून पांढऱ्या पेशींना आवरत होती. जे रसायन रक्तवाहिनीला 'दार उघड' म्हणतं, तेच पांढऱ्या पेशीला 'जरा दमानं' म्हणतं.

महाडची इंगळी

नॉरअ‍ॅड्रिनालिनचा निरोप शरीरात कसा घुमतो, हे ज्या माणसाने भारतात सर्वांत जवळून पाहिलं असेल, तो प्रयोगशाळेत नव्हता, रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होता. डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकणात लाल विंचू चावलेली माणसं त्यांच्याकडे यायची: दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, चढलेला रक्तदाब, आणि काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरून मृत्यू. उशाशी बसून तासातासाची नोंद ठेवत त्यांनी हा क्रम मांडला आणि १९८२ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

या विंचवाचं विष नसांच्या टोकांवरच्या सूक्ष्म दारांशी खेळतं. नसा थांबेनाशा होतात, नॉरअ‍ॅड्रिनालिन आणि अ‍ॅड्रिनालिन भसाभस सुटतं. परीक्षेच्या हॉलमध्ये जे थेंबाथेंबाने होतं, त्याचा इथे पूर येतो. रक्तवाहिन्यांवरचे अल्फा जातीचे रिसेप्टर हा निरोप 'आवळा' असा ऐकतात, सगळीकडच्या वाहिन्या आवळतात, हृदय त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता थकतं. बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरलं. ते विष काढत नाही, निरोपही थांबवत नाही. फक्त अल्फा कान बंद करतं. १९८६ मध्ये त्याबद्दलचं लेखनही 'लॅन्सेट'मध्ये आलं. त्यांच्या नोंदींनुसार मृत्यूचं प्रमाण पूर्वीच्या तीस टक्क्यांच्या घरातून एक टक्क्याच्या आसपास उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, बरीच उशिरा.

आपल्या विषयाशी याचा संबंध असा. विंचू चावलेल्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा आकडा अनेकदा वाढलेला दिसतो. संसर्ग झालेला नसतो आणि इतक्या थोड्या वेळात नव्या पेशी बनणंही शक्य नसतं. मग या येतात कुठून? रक्तवाहिन्यांच्या भिंतींना बिलगून बसलेल्या पेशींतून आणि पाणथरीतल्या साठ्यातून. रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींपैकी जवळपास निम्म्या कोणत्याही क्षणी भिंतीला चिकटलेल्या असतात. नमुना काढताना त्या सुईत येतच नाहीत. अ‍ॅड्रिनालिनचा निरोप आला की त्या सुटून प्रवाहात येतात. 'नॅचरल किलर' नावाच्या पेशींवर बीटा-२ कान खास दाट असतात, म्हणून त्या सर्वांत आधी धावतात. विंचवाचीच गरज नाही. जिने धावत चढलात किंवा वर्गापुढे बोलायला उभे राहिलात तरी काही मिनिटांत हे घडतं. बीटा कान बंद करणारं प्रोप्रॅनोलोल आधी दिलं तर ही धावपळ बरीच कमी होते.

मिनिटांचा ताण, महिन्यांचा ताण

तर अल्पकाळचा ताण प्रतिकारशक्ती कमी करत नाही, तिला सज्ज करतो. फिरदौस धाभर यांनी ब्रूस मॅक्युअन यांच्यासोबत उंदरांवर हे दाखवलं: दोनेक तास अडकवून ठेवलेल्या उंदरांच्या कातडीची प्रतिक्रिया नंतर जोरदार आली, तर काही आठवडे रोज तासन्‌तास अडकवलेल्यांची मंदावली. यात नवल नाही. जंगलात ताण म्हणजे बहुधा दात आणि नखं, आणि दात-नखांमागोमाग जखम येतेच. आधीच पांढऱ्या पेशी कातडीकडे पाठवणारं शरीर टिकलं.

२००४ मध्ये सुझॅन सेगरस्ट्रॉम आणि ग्रेगरी मिलर यांनी २९३ अभ्यास, म्हणजे सुमारे १९,००० माणसांच्या नोंदी एकत्र पाहिल्या. काही मिनिटांच्या ताणाने पहिल्या फळीच्या पेशी वाढतात. परीक्षेसारख्या काही दिवसांच्या ताणाने विषाणूबाधित पेशी मारणारं काम मागे पडतं आणि प्रतिपिंडांचं काम पुढे येतं. आजारी माणसाची सेवा, बेरोजगारी यांसारख्या महिनोन्‌महिने चालणाऱ्या ताणाने दोन्ही घटतात. बासरच्या वसतिगृहातला ओठावरचा फोड या मधल्या टप्प्यातला. त्याचा हर्पीस विषाणू लहानपणीच शरीरात शिरून चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत दडून असतो आणि त्याला दाबून ठेवणं हे विषाणूबाधित पेशी मारणाऱ्या पेशींचं काम. त्या पेशी जरा मागे सरल्या की तो नसेतून ओठापर्यंत येतो. दम्याला मात्र हाच बदल खतपाणी घालतो, कारण अ‍ॅलर्जी प्रतिपिंडांच्या बाजूची.

आता दाह वाढतो तो कसा? दवंडी रोज पिटली तर लोक दार उघडेनासे होतात. कॉर्टिसॉल महिनोन्‌महिने चढं राहिलं की पांढऱ्या पेशींचे त्याला ऐकणारे कान बधिर होऊ लागतात. रक्तात कॉर्टिसॉल आहे, पण 'आता पुरे' हा त्याचा निरोप पोचत नाही आणि दाह चालूच राहतो. २०१२ मध्ये शेल्डन कोहेन यांनीच २७६ जणांवर हे तपासलं: दीर्घ ताणातल्या लोकांच्या पेशी कॉर्टिसॉलला कमी जुमानत होत्या, आणि अशा लोकांना नाकात विषाणू टाकल्यावर सर्दीही जास्त झाली. सर्दीत नाक वाहतं, घसा सुजतो ते विषाणूपेक्षा आपल्याच दाहामुळे. म्हणजे आवरता न आलेल्या दाहालाही आपण 'प्रतिकारशक्ती कमी झाली' म्हणतो.

भर म्हणून दीर्घ ताणात नॉरअ‍ॅड्रिनालिनच्या चिठ्ठ्या हाडांतल्या मज्जेपर्यंत जातात आणि तिथे दाहकारी पेशींचं उत्पादन वाढतं. २०१४ मध्ये माथियास नारेनडॉर्फ यांच्या गटाने हे उंदरांत दाखवलं. त्याच अभ्यासात अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या रक्तातही पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या. सुरुवातीच्या गाठीचा सुटलेला भाग तो हा: निरोप तोच, पण किती वेळ चालला आणि कोणाच्या कोणत्या कानावर पडला, यावर सगळं अवलंबून.

पाणथरीतला फेरा

आजवर सापडलेल्या निरोपांत सर्वांत वळणाचा रस्ता व्हेगस नसेचा आहे. ही नस मेंदूच्या बुडाशी निघून गळ्यातून छाती-पोटात उतरते. हृदय मंदावते, पचन हलवते. तिचे जवळपास ८० टक्के तंतू खालची खबर वर नेणारे असतात. ताप आला की अंग मोडून येतं, भूक जाते, कोणाशी बोलू नये असं वाटतं, ते पांढऱ्या पेशींची खबर मेंदूला पोचल्यामुळे. त्यातली काही रक्तातून जाते, काही या नसेतून.

२००० साली न्यूयॉर्कजवळ केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने जंतूंचं विष दिलेल्या उंदरांची व्हेगस नस विजेच्या बारीक झटक्यांनी उत्तेजित केली. भक्षक पेशींचं टीएनएफ नावाचं दाहकारी रसायन घटलं आणि उंदीर कोलमडायचे वाचले. आमवातात सांधे पोखरणारं रसायन ते हेच; अ‍ॅडालिमुमॅबसारखी महागडी इंजेक्शनं त्यालाच पकडतात.

पण एक अडचण होती. टीएनएफ येतं मुख्यतः पाणथरीतून, आणि व्हेगसची टोकं तिथल्या भक्षक पेशींपर्यंत जातच नाहीत. पाणथरीत जाणारी नस नॉरअ‍ॅड्रिनालिन सोडते, भक्षक पेशी तर आवरल्या जातात अ‍ॅसिटिलकोलिनने. मग ते आणतं कोण? २०११ मध्ये उत्तर सापडलं: टी-पेशी. पाणथरीतल्या काही टी-पेशी नॉरअ‍ॅड्रिनालिन ऐकतात आणि स्वतः अ‍ॅसिटिलकोलिन तयार करून भक्षक पेशींना देतात. पांढऱ्या पेशीने नसेचं काम करावं, याची कल्पना पाठ्यपुस्तकांत नव्हती. व्हेगसचा संदेश पाणथरीच्या नसेपर्यंत नेमका कोणत्या वाटेने जातो, यावर शरीररचनातज्ज्ञांचे वाद अजून चालू आहेत.

गळ्यातलं यंत्र आणि कानातली क्लिप

तरी उपचार निघाला. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आमवातासाठी, औषधांचा पुरेसा उपयोग न झालेल्या प्रौढांकरता, व्हेगसला रोज एक मिनिट झटके देणारं छोटं यंत्र मंजूर केलं. ते गळ्यात डाव्या बाजूला शस्त्रक्रियेने बसवतात. २४२ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी यंत्र चालू असलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांना ठरावीक मापाची सुधारणा दिसली. यंत्र बसवून बंद ठेवलेल्यांपैकी सुमारे २४ टक्के लोकांना. फरक खरा आहे आणि बेताचा आहे. बंद यंत्रानेही चौघांतल्या एकाला बरं वाटलं, हे तर मला त्याहून विचार करायला लावणारं वाटतं; एडर यांच्या गोड पाण्याची आठवण होते.

ही बातमी मोबाइलवर पोचेपर्यंत मात्र तिचं रूप बदललेलं असतं. कानाला लावायच्या क्लिपा, गार पाण्याचे चटके, गुणगुणायचे व्यायाम, सगळ्यांवर 'व्हेगस जागी करा, दाह घालवा' असं लिहिलेलं. संथ श्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात हे खरं, आणि ते व्हेगसमुळेच. परीक्षेआधी हात थरथरत असतील तर पाच मिनिटं तसं बसायला काहीच हरकत नाही. पण हृदयाकडे जाणारा निरोप आणि पाणथरीतल्या टी-पेशीला मिळणारा निरोप एक नव्हे. ठोके मंदावले म्हणून सांध्यातलं टीएनएफ उतरलं असं होत नाही. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने क्लिप हवी तर लावावी. गोळी मात्र ठरल्या वारी, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आठवड्यातून एकदाच, घेत राहावी आणि रक्ततपासणीची तारीख चुकवू नये.